वाक्यांचे चार रकाने

दसरा सरला की शेगावहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाभळीला कापूस लागत नसतो हे मलाही ठाऊक आहे, चाळीस वर्षं शाळेत शिकवण्यात घालवली आहेत मी. पण बाजाराला निघालेल्या गाड्या वरपर्यंत ठासून भरलेल्या असतात, रस्ता अरुंद असतो आणि बाभळी आपले काटे आवरून घेत नाहीत. मग पुंजके अडकून राहतात, वाऱ्यावर हलत राहतात. सकाळी फिरायला गेले की एखादा पुंजका मी ओढून घेते आणि दोन बोटांत चुरते. आत सरकी लागते. डोळे आता बारीक अक्षर वाचत नाहीत, पण बोटांना सरकी लगेच कळते.

परवा अशीच फिरून आले तर दारात वसंता उभा. वसंता म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, मोठेबाबांचा सख्खा नातू. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या घराचे कर्ते. हातात पिशवी, पिशवीत कागद. गावच्या शाळेची स्मरणिका निघणार आहे आणि नव्या वर्गखोलीला मोठेबाबांचं नाव द्यायचं ठरलं आहे.

"आत्या, तुमी पानभर लिहून द्या," तो म्हणाला. "मोठेबाबानं तुमाले इंगरजी शाळेत कसं पाठवलं ते. त्या काळात, पोरीच्या जातीले. लोकाईले वाचाले पाह्यजे ते."

लेखाचं नावसुद्धा त्यानं आधीच ठरवून आणलं होतं: 'स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते आमचे मोठेबाबा'. मी चहा केला, त्याच्या पोराबाळांची चौकशी केली आणि लिहिते म्हणाले. लिहायला मी कधीच नाही म्हणत नाही. पण वसंता, तुला हवं ते मी लिहिणार नाही. झालं ते लिहिते.

इंग्रजी शाळेत माझं नाव मोठेबाबांनीच घातलं, हे मी नाकारत नाही. गावच्या शाळेत चौथीला असताना तपासणीसाठी एक साहेब आले, माझं वाचन ऐकून खूश झाले आणि चारचौघांत मोठेबाबांना म्हणाले की या मुलीला पुढे शिकवा. साहेबापुढे नाही म्हणणं मोठेबाबांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि मी जळगावच्या शाळेत गेले. जळगाव म्हणजे आमचं, जामोदवालं. खानदेशातलं नव्हे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, दोघांचा कारभार नागपुरातून चालायचा, आणि शाळेच्या दाखल्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी छापलेली असायची. पण नाव घालणं वेगळं आणि नाव टिकवणं वेगळं. साहेबाची तपासणी एका दिवसात आटोपते. शाळेला मात्र रोज जावं लागतं, सुगीतसुद्धा.

वर्गात मी एकटी मुलगी. दाराजवळ माझ्यासाठी वेगळं पोतं अंथरलेलं असे. पावसाळ्यात त्याला ओल्या तागाचा वास यायचा, कार्तिकात धुळीचा. इंग्रजी शिकवायला करीम मास्तर होते. डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे. पुस्तकात 'वाक्य' असा शब्द होता, पण त्यांच्या तोंडात 'जुमला' बसलेला होता. एक दिवस त्यांनी फळ्यावर उभ्या रेघा ओढून चार रकाने केले.

"पोट्टेहो, जुमल्याचे चार किसम," ते म्हणाले. "एक जुमला सांगते, एक इचारते, एक हुकूम देते, अन् एक नुसताच दचकते."

मग त्यांनी प्रत्येक रकान्यावर एक लांबलचक नाव लिहिलं. असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, एक्स्क्लमेटरी. आम्ही ती नावं घोकली. शाळेचा रस्ता अर्ध्या कोसाचा, आणि माळ्याची गंगामावशी डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन रोज बाजाराला निघे म्हणून तिच्यासोबत मला जाऊ देत. ती पुढे, मी मागे, आणि पावलांच्या तालावर माझं पाठांतर. ती मागे न बघता म्हणाली, "काय जपून राह्यली वं? कोन्या देवाचं नाव हाय?"

"देवाचं नाई मावशी, बोलन्याचे परकार हायत. चार."

"बोलन्याचा एकच परकार हाय बाई. मोठ्यानं बोलावं. नाई तं वांगे खपत नाईत."

करीम मास्तरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की टोपी काढून त्यांना डोळे पुसावे लागले.

त्यांनी आम्हाला एक काम दिलं होतं. पुस्तकातली वाक्यं नकोत, म्हणाले. आठ दिवस घरात कान उघडे ठेवा. जो जुमला कानावर पडेल तो आपल्या बोलीत लिहा, त्याचं इंग्रजी करा आणि त्याच्या रकान्यात टाका. मी वहीचं एक आख्खं पान चार रकान्यांत आखलं आणि कामाला लागले.

हुकुमाचा रकाना पहिल्याच संध्याकाळी भरला. मोठेबाबा ओसरीवर बसत आणि तिथून घर चालवत. पानी आन. बैल सोड. दिवा लाव. चूप बस. 'ब्रिंग वॉटर' लिहिलं, 'सिट क्वाएट' लिहिलं, दिव्याचं इंग्रजी आठवेना म्हणून जागा सोडली. मास्तरांनी सांगितलं होतं की हुकुमाच्या वाक्यात काम करणारा लपलेला असतो, त्याचं नाव घ्यायची गरज पडत नाही. आमच्या घराचं याहून चोख वर्णन मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही.

प्रश्नांचा रकाना मायनं भरला. माझी माय धाकटी सून. मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, थोरली. माय प्रत्येक काम विचारून करायची. भाकर टाकू? धुनं नेऊ? वरन घाटू? मी निघू? दिवसभरात तिच्या तोंडून दुसऱ्या प्रकारचं वाक्य मला ऐकू आलं नाही. मी कान देऊन ऐकत होते म्हणून ते ध्यानात आलं, आणि मला तिचा संताप आला. विचारायचं कशाला? भाकर टाकायचीच असते. उत्तरही रोज तेच येतं. तरी ती विचारायची आणि हाव म्हणेपर्यंत पीठ मळलेला हात तसाच धरून थांबायची.

मोठेबाबांशी तर ती प्रश्नानंसुद्धा बोलत नसे. ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यापुढे भावजयीनं पदर ओढून उभं राहायचं, त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि त्यांनीही तिच्याशी सरळ बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही सांगायचं असलं तर मधे मोठीमाय लागे. माय चार हातांवर उभी असायची आणि मोठेबाबा मोठीमायला म्हणायचे, तिले सांग, ताक धाड. मग मोठीमाय मायकडे वळून म्हणायची, ताक धाड. हे मी वहीत दोनदा लिहिलं होतं. मास्तरांनी एकदा खोडलं.

मोठीमायची तऱ्हा आणखी निराळी. नवऱ्याला तोंडावर काही सांगणं तिला वाढवलेल्या बायांना पटलेलं नव्हतं, म्हणून ती गायीला सांगायची. गोठ्यापाशी उभी राहायची आणि चढ्या आवाजात म्हणायची, "कपिले, घरातलं मीठ सरलं बरं." ओसरीवर मोठेबाबा ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी मीठ यायचं. हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला समजेना. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, गायीले सांगितलेलंही सांगितलेलंच असते बेटी, पहिल्या रकान्यात लिही. त्या रकान्यात एवढंच एक वाक्य होतं. दचकायचा रकाना कोराच राहिला. आमच्या घरात दचकायला कुणाला सवड नव्हती.

वही तपासून परत देताना त्यांनी पहिल्या रकान्यावर खडूचं बोट ठेवलं. "तुह्या घरी कोनी काही सांगतच नाई का?" त्यांनी विचारलं.

त्या वर्षी कापूस लवकर फुटला. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत काळ्या वावरांवर पांढरं पसरलं होतं, तुरीला फूल होतं, हवेत सकाळी गारवा आणि दुपारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळत्या पानांचा उग्र वास. फुटलेला कापूस झाडावर फार ठेवता येत नाही. अवकाळी सर आली तर भिजून पिवळा पडतो आणि वर्षाची मेहनत मातीला जाते. पहिला वेचा लागला की घरातला प्रत्येक हात वावरात लागतो. नेमकी त्याच दिवसांत, सोमवारपासून, शाळेची सहामाही परीक्षा होती, चार दिवसांची. शाळेचा नियम सरळ होता. परीक्षेला जो बसणार नाही त्याचं नाव पटावरून कमी. मुलांना थोडीफार सूट मिळे, त्यांची नावं पुन्हा घातली जात. एकट्या मुलीचं नाव एकदा कमी झालं की ते पुन्हा घालायला कुणी शाळेची पायरी चढणार नव्हतं. घरात स्थळांची बोलणीही सुरू झाली होती. म्हणजे त्या चार दिवसांवर माझं पुढचं सगळं लटकलं होतं, आणि बारा-तेरा वर्षांची असले तरी ते मला पक्कं कळत होतं.

शुक्रवारी मोठेबाबांनी ओसरीवर सांगून टाकलं. "पयला वेचा लागला. पोट्टी आता वावरात. शाळा झाली तेवढी बस झाली."

माझे बाबा खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "हाव दादा." माझ्या बाबांचं उभ्या आयुष्याचं बोलणं या दोन शब्दांत मावलं असतं.

मी म्हणाले, "मी वेचाले येनार नाई. मी परीक्षेले जानार."

मोठेबाबांनी मारलं नाही, ते कधी मारत नसत. ते म्हणाले, "तोंड सांभाळ." मग बाबांना म्हणाले, "दप्तर माळ्यावर टाक." आणि माझ्या बाबांनी, माझ्या स्वतःच्या बाबांनी, शिडी लावली, माझं दप्तर वर नेलं आणि खाली उतरून शिडी गोठ्यात नेऊन ठेवली. तो राग मी किती वर्षं जपला ते सांगत नाही. आता लिहितानाही तो थोडा हाताला लागला.

मी जेवले नाही. चुलीपाशी माय आली आणि तिनं तिच्या पद्धतीनं विचारलं. जेवते का वं? नाही म्हणाले. मग ती म्हणाली, "परीक्षा कवा हाय?"

"सोमवारी."

"किती दिस?"

"चार. पन आता काय करतं इचारून?" मी तिच्यावर ओरडले. तिनं राख झटकली आणि ती गेली. मला वाटलं, हिला विचारण्यापलीकडे काही येत नाही. हे मी मनात म्हटलं होतं, तरी त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी जावा जात्यावर बसल्या होत्या. रोज त्यांच्या ओव्या ऐकू यायच्या. त्या दिवशी नुसती घरघर होती आणि घरघरीच्या आत दबक्या आवाजात काहीतरी चाललं होतं. मी कूस बदलली. रुसलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या बोलण्यात रस नसतो.

रविवारी सीतादही होतं. ज्यांनी कापूस वेचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या वेच्याआधी घरची सवाशीण वावरात पऱ्हाटीच्या एका झाडाखाली पाच खडे मांडते, हळदकुंकू लावते, कापसाचंच सूत वळून झाडाला गुंडाळते, दहीभाताचा नैवेद्य दाखवून चारी दिशांना शिंपडते. ती सीतामाय. मग तीच सवाशीण पाच बोंडं वेचून ओटीत घेते. तिचा हात लागल्याशिवाय दुसऱ्या कुणी कापसाला हात लावायचा नाही, पुरुषानं तर नाहीच. आमच्या घरी हा मान मोठीमायचा. मी बघत आले तेव्हापासून तिचाच.

त्या सकाळी मोठीमाय पडवीत एका पोत्यावर बसलेली. शेजारी वेगळा तांब्या. गोठ्याकडे तोंड करून ती म्हणाली, "कपिले, मले कावळा शिवला."

महिन्याचं ते बाजूला बसणं. आता मुलींना हा शब्दही ठाऊक नसतो, बरं आहे. पण तेव्हा हे ऐकलं की पुरुष डोळे दुसरीकडे वळवत, ऐकलंच नाही असं दाखवत आणि मुकाट्यानं व्यवस्था बदलत. मोठेबाबांनीही तेच केलं. खाकरले, पायात जोडा घातला आणि बाबांना म्हणाले, "धाकटीले सांग, दही तिनं घ्यावं." मला म्हणाले, "चाल." मी दारातून निघताना मोठीमायकडे पाहिलं. ती आपल्या पोत्याचा एक सुटलेला धागा ओढत होती.

वावरात वेचणाऱ्या बाया बांधावर जमल्या होत्या. ओट्या बांधून, आपापली पात म्हणजे वेचायची ओळ धरायला तयार. सातपुड्यावर काळं आभाळ चढत होतं आणि सगळ्यांचे डोळे तिकडे होते. माय खाली बसली. नाकापर्यंत पदर. तिनं खडे मांडले, धुतले, कुंकू लावलं. सूत वळून झाडाला गुंडाळलं तेही मी पाहिलं, कारण दुसरीकडे बघायची माझी इच्छा नव्हती. नैवेद्य झाला. दहीभात चारी दिशांना गेला. आता पाच बोंडं वेचायची.

मायनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती बसून राहिली.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की काही म्हणायचं राहिलं असेल. मग तिचं बसणं लांबत गेलं. वारा सुटला, वाळली पानं वाजायला लागली.

"तिले सांग, हात लाव म्हना," मोठेबाबा बाबांना म्हणाले.

बाबा आभाळाकडे बघत होते. त्यांनी हाव दादा म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सांगितलेलं ऐकूच न आल्यासारखे ते सातपुड्याकडे बघत राहिले. माझ्या बाबांचं गप्प बसणं जन्मात पहिल्यांदा कामाला आलं.

मोठेबाबा बायांकडे वळले. "तुमच्यातल्या कोनी सांगा तिले."

त्यांच्यातली थोरली राधाबाई ओटीची गाठ सारखी करत म्हणाली, "आमी कायले मधात पडू बाप्पा? वावर तुमचं, सीतादही तुमचं. त्याइचा हात लागला का आमी पाती धरतो."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मोठेबाबा अडकले आहेत. घराला, बैलांना, मला, बाबांना ते हुकूम देऊ शकत होते. एवढ्या मोठ्या वावरात एकाच माणसाला त्यांना हुकूम देता येत नव्हता, आणि ते माणूस त्यांच्या पुढ्यात खड्यांपाशी बसलं होतं. भासऱ्यानं भावजयीला चारचौघांत 'ऊठ' म्हणायचं म्हणजे स्वतःचीच अब्रू घालवायची. सांगायला मोठीमाय लागते. मोठीमाय घरी पोत्यावर. हात लावायला घरची दुसरी सवाशीण लागते. तीही मोठीमायच.

मग माय बोलली. मोठेबाबांशी नाही, कुणाशीच नाही. खड्यांकडे बघून, पण बांधापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"सीतामाय, माही पोरगी उद्या परीक्षेले जाते. चार दिस जाते. तिचं दप्तर आज माळ्यावरून खाली येते. तिची पात मी वेचते. मंग तुह्या बोंडाले हात लावते मी."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही, विनवणी केली नाही. तिच्या बोलण्यात कुठेही 'का' नव्हता.

एक थेंब माझ्या हातावर पडला, एक राधाबाईच्या कपाळावर पडला असणार, कारण तिनं कपाळ पुसलं. मोठेबाबांनी आभाळाकडे पाहिलं, फुटलेल्या पांढऱ्या वावराकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. ते मला म्हणाले, "उद्या कवा निघा लागते तुले?"

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला प्रश्न.

"सकाळी," मी म्हणाले. "गंगामावशीसंगं."

ते बांधाकडे चालू लागले. मायनं हात वर केला आणि पाच बोंडं खुडून ओटीत घेतली. बायांनी पाती धरल्या. पाऊस मात्र आला नाही, आभाळ तसंच जामोदकडे निघून गेलं. आला असता तर लिहायला बरं पडलं असतं, पण आला नाही.

दप्तर बाबांनीच खाली काढलं. त्यावरची धूळ त्यांनी आपल्या धोतरानं पुसली. मी त्यांना माफ केलं नाही. ते मी फार उशिरा केलं, ते गेल्यावर.

परीक्षेत चारही प्रकारांचं एकेक उदाहरण विचारलं होतं. पहिल्यासाठी मी लिहिलं की माझी आई वावरात बसली आहे. करीम मास्तरांनी त्यावर बरोबरची खूण केली आणि शेजारी काहीच लिहिलं नाही. चौथ्या दिवशी घरी आले तेव्हा माय पाण्याच्या कोठीपाशी हात धूत होती. तिनं चार दिवस दोन पाती वेचल्या होत्या, तिची आणि माझी. वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. तिच्या बोटांची टोकं फाटली होती आणि नखांच्या कडेला रक्त सुकलं होतं. मी बघतेय हे कळल्यावर तिनं हात पदरात घेतले आणि विचारलं, "भाकर टाकू?"

त्यानंतर ती पुन्हा विचारूनच सगळं करू लागली. लोकांना वाटतं, एकदा बोललेला माणूस बदलून जातो. माय बदलली नाही. तिला बदलायचं नव्हतंच, तिला मला शाळेत पाठवायचं होतं. ते झालं आणि ती आपल्या पिठाकडे वळली. पुढच्या वर्षी सीतादही मोठीमायनं केलं, आणि माझ्या शाळेचा विषय मोठेबाबांनी पुन्हा काढला नाही. ते वाईट नव्हते. पण पुरस्कर्तेही नव्हते, वसंता. त्यांना फक्त एकदा विचारावं लागलं.

मी मॅट्रिक झाले, नागपूरला ट्रेनिंगला गेले. तिथे माझं 'मले' आणि 'तुले' ऐकून पुण्याकडची एक बाई तोंडाला रुमाल लावून हसायची. मी तिच्या देखत आणखी मोठ्यानं बोलायचे. पुढे चाळीस वर्षं मुलींना चार रकाने आखायला लावले, घरातली वाक्यं गोळा करायला लावली. रेडिओ आले, विजेचे दिवे आले. मुलींच्या वह्यांत आयांची वाक्यं बरीच वर्षं त्याच एका रकान्यात येत राहिली.

नोकरी लागल्यावर एका सुट्टीत गावी गेले होते. मोठीमाय थकली होती, ओसरीवर बसून कापसातली सरकी काढून वाती वळत होती. मोठेबाबा तेव्हा हयात नव्हते. मी सहज म्हणाले, मोठीमाय, त्या वर्षी तुले नेमका सीतादहीच्या दिवशी कावळा शिवला, नाई तं माही शाळा गेलती.

तिनं हातातली वात पुरी केली. मग गालातल्या गालात हसायला लागली.

"बाई वं," ती म्हणाली, "मले कावळा शिवनं बंद होऊन तवा दोन वर्सं झालती."

मग तिनं सगळं सांगितलं. जात्यावर ठरलं होतं. माय म्हणाली होती की मी हात लावणार नाही, आणि मोठीमाय म्हणाली होती की मी असले तर मला बोलावं लागेल, मी नसतेच. "मानसाले काय समजते यातलं? अन् समजलं तरी इचारनार कोन? कपिलेले सांग्तलं, अन् सारं घर चूप बसलं."

त्या घरात माझ्या शाळेसाठी दोनच बाया बोलल्या. एक खड्यांशी बोलली ते खरं होतं. दुसरी गायीशी बोलली ते साफ खोटं होतं. मी दोन्ही वाक्यं पहिल्याच रकान्यात लिहिली आहेत, आणि त्या खोट्या वाक्याचा मला अधिक अभिमान आहे.

परवा निघताना वसंतानं वर्गखोलीच्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला. मी त्याला म्हणाले, तुझ्या आजीचं नाव काय होतं ते सांग. त्यानं डोकं खाजवलं. "मोठीमायच म्हनत ना सारे," तो म्हणाला. मग माझ्या आईचं नाव सांग म्हणाले. तेही त्याला येईना. त्यात त्याची चूक नाही. शाळेच्या पटावर माझ्या नावापुढे पालक म्हणून मोठेबाबांचं नाव आहे, अजून वाचता येतं. त्या दोघींसाठी तिथे रकाना नव्हता.

तेव्हा वसंता, हे पान पाठवते आहे. तुमच्या समितीत कुणी शुद्धलेखनवाले असतील, त्यांनी मायचं 'परीक्षेले' तसंच राहू द्यावं, त्याचं 'परीक्षेला' करू नये. स्मरणिकेत 'कावळा' बरा दिसत नाही असं कुणी म्हणेल, त्याला माझ्याकडे धाडून दे. आणि वर्गखोलीच्या पाटीवर लावायची नावं खाली दिली आहेत, आधी तुझ्या आजीचं, मग माझ्या आईचं. दोन आहेत, म्हणून पाटी जरा रुंद करावी लागेल.

कौतिकाबाई. पार्वताबाई.

लावू का, असं मी विचारत नाही.